डागाळलेल्या गोळ्यांचे मार्जन

माढ्यास रावरंभा निंबाळकरांच्या भुईकोटाच्या परिसरातील म्हणून आम्हांस दाखविण्यात येणाऱ्या बंदुकीच्या गोळ्या बहुधा चिंचेने घासून लखलखीत केलेल्या असतात. हे मार्जन आम्हांस मान्य नाही. ताम्रवेष्टित गोळीचा काळिमा चिंचेने जातो, हे खरे; परंतु तसली गोळी एडुआर्ड रुबिन यांनी 1882 त स्वित्झर्लंडात सिद्ध केली. 1818 त बुडालेल्या पेशवाईशी तिचा संबंध काय? जुनी गोळी नुसत्या शिशाची. साच्याचा सांधा, गजाच्या ठोक्याचा वण आणि वजन हाच तिचा लेख. तो आम्लाने झिजतो. पोथी कोणी चिंचेने धुतो काय? मऊ कुंचल्याने माती झाडावी, वजन टिपून ठेवावे. लाकडी पेटी मात्र टाळावी. लाकडाच्या आम्ल वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते.