पाताळातले जीव खरे, पण तेल?

थॉमस गोल्ड हे नाव आपल्याला अगदीच अनोळखी नाही. डॉ. जयंत नारळीकरांचे लेख वाचत वाढलेल्यांना आठवेल, की १९४८ साली हॉयल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडला होता. त्याच गोल्ड यांचे ‘द डीप हॉट बायोस्फिअर’ हे पुस्तक १९९९ साली निघाले. ते मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा निम्मेच पटले.

पुस्तकात दावे दोन. पहिला असा, की जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर, उन्हाचा कवडसाही न पाहिलेले सूक्ष्मजीव खडकांच्या भेगांत नांदतात. दुसरा असा, की खनिज तेल प्राचीन जीवांच्या अवशेषांतून झालेले नाही. त्याचे मूळ द्रव्य पृथ्वी घडली तेव्हापासून तिच्या पोटात आहे. हे जीव त्यावर जगतात, म्हणून तेलात जीवांच्या खुणा सापडतात.

पहिल्या दाव्यापुढे मी हात जोडतो. गोल्ड २००४ साली वारले. २००८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीतील संशोधन प्रसिद्ध झाले. तिथे २.८ किलोमीटर खोलीवरच्या पाण्यात जवळजवळ एकाच जातीचा जीवाणू राहतो. खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्सर्गाने पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रोजन सुटतो. त्या हायड्रोजनवर आणि सल्फेटवर त्याची गुजराण चालते.

पण त्याच्या ताटात तेल नाही! पहिला दावा खरा ठरला, म्हणून दुसरा आपोआप खरा होत नाही. गोल्ड यांच्या आग्रहाने स्वीडनमध्ये सिल्यान येथे ग्रॅनाइटमध्ये सहा किलोमीटरहून खोल विहीर खणली गेली. धंदा व्हावा इतके तेल निघाले नाही. शिवाय काही तेलांत ओलिॲनेन नावाचा रेणू मिळतो. तो फुलझाडांतल्या द्रव्यांपासून बनतो, आणि फुलझाडे पसरल्यानंतरच्या खडकांतून आलेल्या तेलांतच तो मुबलक असतो. पाताळातल्या जीवाणूने फुलझाडाची खूण कुठून आणली? गोल्ड यांच्या मांडणीत या प्रश्नाला जागा नाही.

एकट्याने साऱ्या पंडितांशी झुंजणारा माणूस आपल्याला भावतो. परमुलखात आपणही थोडेफार तसेच उभे राहिलो. त्यात ‘तेलाचा साठा आटणारच नाही’ हे ऐकायलाही गोड. म्हणूनच इथे जास्त सावध राहायला हवे. पंडित एकदा चुकले, म्हणजे दरवेळी चुकतात असे नव्हे.

पुस्तक मुलांच्या हाती जरूर द्या. मात्र वाचून झाल्यावर त्यांना विचारा, कोणते विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे?