तंबोऱ्याची जुनी तार : संगीतसमीक्षेतील एक दुर्लक्षित पुरावा

प्रस्तावना :
मराठी संगीतसमीक्षेची परंपरा समृद्ध आहे. वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' (1961) या ग्रंथात स्वर व लय या दोन तत्त्वांच्या आधारे घराण्यांची मांडणी केली आणि पुढील समीक्षेला दिशा दिली. तथापि ज्या आधारस्वरावर हे सारे गायन उभे राहते, त्या तंबोऱ्याच्या तारेचा विचार आपल्या समीक्षेत अभावानेच आढळतो. 'तंबोरे सुरेल लागले होते' एवढ्या एका वाक्यावर समीक्षकाची बोळवण होते. तार हा गायकीच्या अभ्यासाचा पुरावा ठरू शकतो काय, या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

तारेची ओळख :
चार तारांच्या तंबोऱ्यात पहिली तार पंचमाची, रागानुसार मध्यमाची वा निषादाची, मधल्या दोन जोडीच्या व चौथी खर्जाची असते. जोडीच्या तारा पोलादी, तर खर्जाची तार बहुधा पितळी असते. पुरुषी पट्टीच्या मोठ्या तंबोऱ्यात पंचमाची तारही कित्येकदा पितळी असते. या निवडीमागे निव्वळ रूढी नाही. पितळ पोलादापेक्षा जड, पण ताण सोसण्यात कमी असते; म्हणून ते खालच्या स्वरास योग्य ठरते. तारेची जाडी गेजने सांगतात व गेजचा क्रमांक वाढतो तशी तार बारीक होते. 28 गेजची तार सुमारे 0.376 मि.मी., तर 30 गेजची सुमारे 0.315 मि.मी. जाडीची असते. तारेची लांबी, जाडी व धातू ठाऊक असल्यास ती कोणत्या पट्टीसाठी लावली असावी, याचा स्थूल अंदाज बांधता येतो. जुन्या गायकांच्या पट्टीविषयी आठवणी व आख्यायिका पुष्कळ आहेत. मोजता येईल असा पुरावा मात्र थोडा आहे. तारेचे महत्त्व येथे आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. तार तुटते, बदलली जाते. त्यामुळे तारेवरून वाद्याचे वय ठरवता येत नाही. हा आक्षेप रास्त आहे. पाश्चात्य डबल बास या वाद्यात आतड्याच्या तारांची जागा विसाव्या शतकात पोलादी तारांनी घेतली. तेथे तारेच्या टोकावरील रेशमी वेष्टनाच्या रंगावरून तिचा निर्माता ओळखण्याची सोय आहे. आपल्याकडे तार वेटोळ्यातून कापून लावली जाते. तिच्यावर कोणतीही खूण नसते. म्हणूनच नोंदीची जबाबदारी वाद्य बाळगणाऱ्यावर येते.

नाद व जतन :
चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात तंबोऱ्याच्या रुंद घोडीचे वैशिष्ट्य दाखवून दिले. छेडण्याच्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निस्पंद पडतो, ते उपस्वर सामान्य नियमानुसार उमटू नयेत. तंबोऱ्यात मात्र तेही ऐकू येतात. जवारी व तिच्यावरील सूत यांचे हे कार्य होय. परंतु तार गंजलेली, मळलेली वा मुरडलेली असेल, तर तिचे वस्तुमान सर्वत्र सारखे राहत नाही व उपस्वर बेसूर होतात. अशा वेळी दोष जवारीचा की तारेचा, हे पारखल्याशिवाय जवारी घासणे म्हणजे रोग एकीकडे व उपचार दुसरीकडे असे होय. बोटांचा घाम व दमट हवा पोलादी तारेस गंजवते. पितळी तार काळवंडते. वादनानंतर कोरड्या मऊ कापडाने तार पुसणे व प्रवासापूर्वी ती थोडी सैल करणे, एवढी काळजीही पुष्कळ उपयोगी पडते.

वारसा कशाचा?
मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांपासून तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा सुरू झाली. 2024 मध्ये मिरजेच्या सतार व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. भिवापुरी मिरचीच्या निमित्ताने आपल्या परिसरालाही या मानांकनाचे मोल परिचित आहे. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, नादाचे नव्हे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा घरोघरी पोहोचल्यानंतर तार लावण्याचे व पारखण्याचे ज्ञान थोड्या हातांत उरत आहे. संग्रहालयातील वाद्यावर नवी, चकचकीत तार चढवून जुनी टाकून देणे, हे जतन नसून पुराव्याचा नाश आहे.

समारोप :
संगीत विभाग असलेल्या महाविद्यालयांनी जुन्या तंबोऱ्याची तार बदलताना उतरवलेली तार वेटोळे करून कोरड्या पाकिटात ठेवावी. त्यावर वाद्य, तारेचे स्थान, धातू, जाडी, घोडीपासूनची लांबी व तारीख नोंदवावी. जाडी मोजण्याचे स्क्रू-गेज भौतिकशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत उपलब्ध असतेच. खर्च जवळजवळ नाही. आवश्यकता आहे ती दोन विभागांतील संवादाची. अशा नोंदी साचत गेल्यास 'तंबोरे सुरेल लागले' या वाक्यापुढे जाण्यास समीक्षेला आधार मिळेल. गायकाचा स्वर कालौघात विरतो. त्याला साथ देणारी तार मात्र आपण जपू शकतो.