गॅरिगन आणि गाळलेलं रीडिंग

‘द लास्ट किंग ऑफ स्कॉटलंड’ (२००६) मधला इदी अमीन खरा. त्याचा स्कॉटिश डॉक्टर निकोलस गॅरिगन मात्र जाइल्स फोडेनच्या कादंबरीतला, काल्पनिक. फॉरेस्ट व्हिटेकरचा अमीन आधी हसवतो, मग घाबरवतो. म्हणून गॅरिगनचं अडकत जाणं पटतं. आधी भेट म्हणून मर्सिडीज, मग सल्लागाराचा मान, मग एक चुगली, आणि आरोग्यमंत्री गायब!

एक खटकलं. सगळी घालमेल या परक्या डॉक्टरच्या सुटकेची; १९७२ मध्ये हाकललेले आशियाई आणि मारले गेलेले युगांडावासी मागेच राहतात.

तरी रिसर्चला निघालेल्यांनी बघाच. गाइडला नको असलेलं रीडिंग पहिल्यांदा गाळताना ‘एवढ्यानं काय होतंय’ असंच वाटतं. गॅरिगनलाही तसंच वाटलं असणार.