'होईल सवय' म्हणणाऱ्यांशी थोडं भांडण

पीएच.डी.ला नाव नोंदवायच्या तयारीत असाल तर एक गोष्ट आत्ताच गृहीत धरा. प्रबंध हातावेगळा होण्याआधी तुमच्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम निदान एकदा बदलणार आहे. पाच-सहा वर्षांत तेवढं होतंच. मग तुम्ही कुरकुर कराल आणि लॅबमधलं कुणीतरी मॉनिटरवरची नजर न हलवता म्हणेल, "होईल सवय." आज मला या दोन शब्दांशी भांडायचं आहे. कारण ते अर्धेच खरे आहेत, आणि संशोधन करणाऱ्याला त्यातला खोटा अर्धा महागात पडतो.

आधी वरवरचा वैताग घेऊ, जो सगळ्यांना माहीत आहे. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून मध्ये सरकलं. टास्कबार खालीच राहणार, बाजूला किंवा वर नेता येणार नाही असं ठरलं. फाइल माउसने उचलून टास्कबारवरच्या प्रोग्रामवर नेऊन सोडायची जुनी सोय गायब झाली. एकाच प्रोग्रामच्या चार खिडक्या उघडल्या तर त्या नावांसकट वेगवेगळ्या दाखवता येत नव्हत्या. राइट-क्लिक केलं की छोटा मेनू, आणि आपल्याला हवं ते बहुधा 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे. कट, कॉपी ही शब्दांत लिहिलेली कामं जाऊन तिथे चिन्हं आली. एकेक बदल दोन सेकंदांचा आहे हो. पण दिवसभर फाइली इकडून तिकडे करणाऱ्या माणसाचे हात त्या दोन सेकंदांवरच चालतात. हात आपोआप जिथे जात होते तिथे आता डोक्याला जावं लागतं, आणि डोकं त्या वेळी दुसऱ्या कामात असतं.

आता पुढचं बघा. फाइल ओढून सोडायची सोय २०२२ मध्ये परत आली. खिडक्या वेगवेगळ्या दाखवायची सोय २०२३ मध्ये परत आली. त्याआधीचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे: विंडोज ८ ने २०१२ मध्ये स्टार्टचं बटणच काढून टाकलं आणि वर्षभरात, ८.१ मध्ये, ते पुन्हा जागेवर आणून बसवलं. सगळ्यांना खरोखरच 'सवय' होत असती तर कंपनीला या गोष्टी परत आणायची गरज काय होती? कुरकुर करणारे आळशी नव्हते. त्यांची तक्रार रास्त होती आणि ती ऐकली गेली, फक्त एक-दोन वर्षं उशिरा. तोवर त्यांच्या कामाचं जे व्हायचं ते झालं.

या विषयावर संशोधन आहे का? आहे, आणि जुनं आहे. जॉन कॅरॉल आणि मेरी बेथ रॉसन हे दोघे आयबीएमच्या संशोधन केंद्रात होते. १९८७ मध्ये त्यांचं 'पॅराडॉक्स ऑफ द ॲक्टिव्ह यूजर' हे लेखन छापून आलं. कुठल्याही शाखेत असलात तरी वाचा, भाषा सोपी आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. कॉम्प्युटर वापरणाऱ्याला काम उरकायचं असतं, शिकत बसायचं नसतं. म्हणून तो मॅन्युअल बाजूला ठेवतो आणि थेट सुरुवात करतो. थोडा वेळ देऊन शिकला असता तर पुढचं काम सोपं झालं असतं, पण तो वेळ देत नाही. ही पहिली गोम. दुसरी अशी की नवीन गोष्ट तो जुन्या ज्ञानाच्या चष्म्यातूनच बघतो. वर्ड प्रोसेसरसमोर बसलेला माणूस त्याला टाइपरायटर समजून वापरतो. जुनं ज्ञान मदतही करतं आणि नेमकं नको तिथे पायात पायही घालतं.

म्हणजे आपण ज्याला 'सवय होणं' म्हणतो ते पुष्कळदा शिकणं नसतंच. जुनं वागणं नव्या जागी कसंतरी कोंबून बसवणं असतं. मी स्वतः अजूनही छोटा मेनू दिसला की पुढचं क्लिक करून जुना मेनू उघडते. झाली म्हणे सवय.

पण या लेखनातली एक बाजू मला पटत नाही. त्यातला 'ॲक्टिव्ह यूजर' हा मुख्यतः नवीन साधन शिकणारा माणूस आहे. काहीतरी मिळवायला तो स्वतःहून त्या साधनाकडे आलेला असतो. अपग्रेडमध्ये अडकलेला माणूस तसा नसतो. त्याने काही मागितलेलं नसतं. काल येत असलेलं काम आज त्याला येत नाही, एवढंच झालेलं असतं. नवशिक्याच्या अडखळण्यात पुढे काही मिळण्याची आशा तरी असते. याच्या अडखळण्यात नुसतं गमावणं आहे. दोघांना एकाच मापाने मोजलं की 'शिकायची तयारी नाही' हा ठपका चुकीच्या माणसावर बसतो. संशोधन वाचताना हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या (ही सवय मात्र चांगली): यातला 'माणूस' नेमका कोण आहे?

इथपर्यंत वैताग दिसणाऱ्या बदलांचा होता. माझ्या बाबतीत खरा घोळ न दिसणाऱ्या बदलाने केला.

माझं काम विहिरींच्या पाणीपातळीवर आहे. ३७ विहिरी, प्रत्येकीची एक फाइल. विहिरींची खोली दुसऱ्या एका यादीत, नावांच्या क्रमाने लावलेली. माझी स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइली एकेक करून उचलायची आणि यादीतल्या पहिल्या खोलीशी पहिली फाइल, दुसरीशी दुसरी, अशी जोडायची. तीन वर्षं बिनबोभाट चाललं. मग जुन्या लॅपटॉपवर नवीन आवृत्ती बसेना, म्हणून एका मित्राने दुसरी, मोफत मिळणारी सिस्टीम टाकून दिली आणि सगळे फोल्डर त्यावर उतरवले. पुढचा आठवडा मी फॉन्ट, वायफाय आणि कीबोर्डवरचा मराठी लेआउट यांच्याशी झगडण्यात घालवला. वैताग सगळा तिकडेच खर्च झाला. स्क्रिप्ट पहिल्या झटक्यात चालली, एकही एरर नाही, म्हणून मी खूशच होते. तिसऱ्या प्रकरणातला तक्ता नव्याने काढला आणि मॅडमना पाठवला.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "अगं, बारा मीटर खोल विहिरीत पाणी एकोणीस मीटरवर कसं?"

फोल्डरमधल्या फाइली कुठल्या क्रमाने मिळतील याची हमी नसते. जुन्या सिस्टीमवर त्या नावाच्या क्रमाने मिळत होत्या, म्हणून माझी जोडणी बरोबर येत होती. नव्या सिस्टीमवर तो क्रम राहिला नाही. सिस्टीमने काही चूक केली नव्हती. चूक माझ्याच स्क्रिप्टमध्ये पहिल्या दिवसापासून होती. जुनी सिस्टीम ती झाकत होती, एवढंच. सगळ्या विहिरी तीस मीटर खोल असत्या तर मॅडमनाही काही खटकलं नसतं आणि तो तक्ता प्रबंधात गेला असता.

हे फक्त माझ्यासारख्या शिकाऊ मुलीचंच होतं असं समजू नका. २०१४ मध्ये 'नेचर प्रोटोकॉल्स'मध्ये रेणूंची रचना ओळखण्यासाठीच्या पद्धतीसोबत पायथॉन स्क्रिप्टी प्रसिद्ध झाल्या होत्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या वापरल्या, आणि तीच माहिती वेगवेगळ्या सिस्टीमवर वेगळं उत्तर देऊ लागली. विंडोज १० आणि मॅकच्या मॅव्हरिक्सवर १७३.२, मॅकच्याच मोहावीवर १७२.७, उबुंटू १६ वर १७२.४. कारण तेच: फाइलींचा क्रम. यातली मॅकची जोडी पुन्हा वाचा. कंपनी एक, फक्त आवृत्ती वेगळी, आणि आकडा बदलला. कुठेही एरर नाही. दुरुस्ती काय, तर फाइली वापरण्याआधी क्रमाने लावून घ्या. एक ओळ.

मेंदूच्या प्रतिमांवर काम करणाऱ्यांनी हा प्रश्न त्याही आधी उचलला होता. २०१२ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये ग्रोनेनशिल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरने त्याच प्रतिमांवरून काढलेली मापं सॉफ्टवेअरची आवृत्ती, मशीनचा प्रकार आणि मॅक ओएस एक्स १०.५ की १०.६ यावरही बदलतात. त्यांचा सल्ला स्पष्ट आहे: सगळं विश्लेषण पुन्हा करणार नसाल तर अभ्यासाच्या मध्येच सिस्टीम बदलू नका.

सल्ला बरोबर आहे, पण तो सुसज्ज लॅबमधून आलेला वाटतो. एक मशीन अभ्यास संपेपर्यंत गोठवून ठेवायचं म्हणजे रोजच्या कामाला दुसरं हवं. फेलोशिप चार-चार महिने उशिरा येणाऱ्या मुलाकडे एकच लॅपटॉप असतो. आणि गोठवून तरी किती दिवस ठेवणार? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे धडधाकट चालणारी असंख्य मशीनं बाहेर. जुन्यावर राहिलात तर सुरक्षेची भीती, नव्यावर गेलात तर आकड्यांची. या कोंडीबद्दल तो लेख काही सांगत नाही.

मग करायचं काय? त्याच सल्ल्यातला दुसरा अर्धा भाग वापरायचा, म्हणजे विश्लेषण पुन्हा करायचं. अपग्रेडच्या आदल्या दिवशी सगळं विश्लेषण पहिल्यापासून चालवा आणि निघालेले तक्ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. सिस्टीमची आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची आवृत्ती एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. नवी सिस्टीम बसली की फॉन्ट आणि टास्कबार लावायच्या आधी तेच विश्लेषण पुन्हा चालवा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघा. माझ्या ३७ विहिरींना याला वीस मिनिटं लागतात. तुमच्याकडे प्रतिमा किंवा मोठी सिम्युलेशन्स असतील तर दिवस लागतील, तेव्हा निदान एक छोटा नमुना तरी चालवा. आणि हे सगळं सादरीकरणाच्या आठवड्यात करू नका. 'अपडेट अँड शट डाउन' दाबायला रात्रीचे अकरा ही वेळ चांगली नाही, दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांची भेट असेल तर मुळीच नाही.

मॅडमना मी खरं काय झालं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "आधीचे तक्ते बरोबर होते हे तुला कसं माहीत?" मला माहीत नव्हतं. मग बसून ३७ फाइलींची नावं आणि खोल्या हाताने, कागदावर, जुळवल्या. दोन दिवस गेले. पस्तीस बरोबर निघाल्या. दोन विहिरींची नावं सारखी होती, गावं वेगळी, आणि त्यांची अदलाबदल पहिल्या वर्षापासूनच झालेली होती. ती कुठल्याही अपग्रेडने केलेली नव्हती.