फुलांचा गालिचा आणि पेवातला अंधार

छायाचित्रात कल्पनाशक्तीचे काम कळ दाबण्याआधीच सुरू होते. समोरची वस्तू बदलता येत नाही. पण कुठे उभे राहायचे, केव्हा, किती जवळ जायचे आणि चौकटीबाहेर काय ठेवायचे, हे सगळे छायाचित्रकाराच्या हाती असते. घेतलेल्या चित्रांची नंतर जोडाजोड करणे ही दुसरी वाट, आणि तीही जुनीच आहे. छायाचित्रकार ऑस्कर रेलँडरने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक चित्र सिद्ध केले होते. सातारा-सांगलीकडच्या आजच्या छायाचित्रणात पहिली वाट बरीचशी ओस पडली आहे. दुसरीही रंग भडक करण्यापलीकडे फारशी जात नाही.

याचा ठळक नमुना म्हणजे कास. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचा हा जांभ्याचा सडा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला, आणि तेव्हापासून त्याचे एकच चित्र हजारो वेळा काढले गेले: क्षितिजापर्यंत पसरलेला तेरड्याचा गुलाबी-जांभळा गालिचा. हा गालिचा काही अंशी भिंगाची करामत असतो. कॅमेरा जमिनीलगत धरला की फुलांमधली मोकळी जागा झाकली जाते. लांब पल्ल्याच्या लेन्सने दूरच्या ओळी एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात. उभ्याने पाहणाऱ्याला तीच फुले विरळ भासतात, म्हणून फोटो पाहून आलेला पर्यटक हिरमुसतो.

कासवरची खरी कल्पकता फुलांच्या नावांत सापडते. ओल्या जागी उगवणाऱ्या, सूक्ष्म पिशव्यांत किडे पकडून खाणाऱ्या वनस्पतीच्या इवल्याशा निळ्या-जांभळ्या फुलाला कोणीतरी ‘सीतेची आसवे’ म्हटले. कवळ्याच्या पिवळ्या फुलात कोणाला तरी कान दिसले आणि त्याचा ‘मिकी माऊस’ झाला. छायाचित्रकाराने करायचे तेच काम नाव ठेवणाऱ्यांनी आधी करून ठेवले आहे: एका वस्तूत दुसरी पाहणे. मॅक्रो लेन्सने फूल मोठे करून दाखवणे सोपे आहे. आसू म्हणावे असे फूल आणि शिकारी वनस्पती ही दोन्ही रूपे एका चौकटीत आणणे अवघड, आणि तसे चित्र क्वचितच पाहायला मिळते. (जमिनीलगतच्या एका फोटोसाठी आडवे पडून शंभर फुले चिरडणाऱ्याला कल्पक म्हणायचे का, हा प्रश्न वेगळा.)

फुलाच्या जवळ जाण्याच्या उलट टोकाला ड्रोन; पण उंचावरून घेतलेले प्रत्येक चित्र उथळच असते असे नाही. साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारामोटेची विहीर अठराव्या शतकातली. अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेली आयताकार विहीर मिळून शिवपिंडीचा आकार होतो, तो काठावरून नीट कळत नाही. ड्रोन तिथे बांधणाऱ्याच्या मनातला आराखडाच दाखवतो. वारीबाबत मात्र दोन दृष्टी समोरासमोर ठेवता येतात. उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’ या छायाचित्रांच्या पुस्तकात वारी आकाशातून दिसते, माणसे मिळून नक्षी होते, प्रवाह होतो. संदेश भंडारे यांच्या ‘वारी : एक आनंदयात्रा’मध्ये कॅमेरा वारकऱ्यांच्या बरोबरीने जमिनीवर असतो. पहिल्यातला विस्तार डोळ्यांत भरतो, पण लक्षात राहतात ती दुसऱ्यातली माणसे. लोणंद-तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण होते, तेव्हा बहुतेक कॅमेरे धावत्या अश्वाचा पाठलाग करतात. अश्व निघून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावणारे हात त्याहून जास्त सांगतात.

यात्रांमध्ये तांत्रिक जाण आणि कल्पना वेगळ्या काढता येत नाहीत. कऱ्हाड तालुक्यातल्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेच्या लग्नात भंडारा उधळला जातो. सगळे दृश्य पिवळे झाले की कॅमेऱ्याची स्वयंचलित रंगजुळणी त्या पिवळ्याला दोष समजून फिके करू पाहते. ती बंद करून पिवळा पिवळाच ठेवणे आणि शटर मंद करून उधळलेल्या भंडाऱ्याला रेषा होऊ देणे, हा निर्णय यंत्र घेत नाही. वाईजवळच्या बावधनच्या बगाडात शिडाच्या टोकाला लोंबकळणारा बगाड्या खालून आकाशावर घेतला जातो, दरवर्षी तसाच. ते ओझे ओढणाऱ्या बैलांच्या मानांकडे फार थोडे वळतात.

सांगली या बाबतीत साताऱ्याहून उपेक्षित आहे. तिला कासासारखे गाजलेले पठार नाही, नावाजलेले धबधबे नाहीत, त्यामुळे बाहेरचा छायाचित्रकार तिकडे पुराच्या वेळीच जातो. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा ड्रोनने तपकिरी पाणी आणि छपरे दाखवली. बातमी म्हणून ते पुरेसे होते. पाणी ओसरल्यावर भिंतींवर राहिलेल्या आडव्या रेषेत, तिच्या वर टांगलेल्या आणि खाली भिजलेल्या तसबिरींत पुराची खरी उंची होती. तंतुवाद्ये घडवणाऱ्या मिरजेतही सतारीच्या तारा जुळवणाऱ्या कारागिराचे तेच ते चित्र निघते. वाळत ठेवलेल्या भोपळ्यांच्या राशीत अजून न जन्मलेली वाद्ये कोणी पाहत नाही.

सगळ्यात मोठी संधी सांगलीलगतच्या हरिपूरला आहे. हळद साठवण्यासाठी तिथे जमिनीत पेवे खोदली गेली: तोंड अरुंद, पोट रुंद, आत अंधार. २००५ च्या महापुराने त्यांतली कित्येक निकामी केली. पेवात उजेड येतो तो फक्त वरच्या तोंडातून, एका झोताने, आणि त्या झोतात हळदीची धूळ तरंगते. स्टुडिओत हजारो रुपये खर्चून जमवावी अशी प्रकाशयोजना इथे आयती आहे. कासच्या गालिच्याचा आणखी एक फोटो काढण्यापेक्षा, पेवातली कोंडलेली हवा आधी पुरती बाहेर जाऊ देऊन, जाणत्या माणसाच्या सोबतीने आत उतरावे आणि पेवे शिल्लक आहेत तोवर हे चित्र कोणीतरी काढावे.