फॅक्टोरिओतील वेठबिगार

'रोबो' हा शब्द आज आपल्याकडील शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. त्याचे मूळ 'रोबोता' ह्या चेक शब्दात असून त्याचा अर्थ वेठ असा होतो, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी असते. कारेल चापेक ह्यांच्या 'आर. यू. आर.' ह्या नाटकासाठी त्यांचे बंधू योसेफ ह्यांनी तो सुचविला. नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी प्रागच्या रंगभूमीवर आले. त्यातील कृत्रिम कामकरी अखेर धन्यावर उलटतात व मनुष्यजातीचा संहार करतात. एकट्या आल्क्विस्टला, म्हणजे कारखान्याच्या बांधकामप्रमुखाला, ते जिवंत ठेवतात. कारण तो त्यांच्याप्रमाणेच स्वतःच्या हातांनी काम करतो.

त्याच प्राग नगरीत शंभर वर्षांनी 'फॅक्टोरिओ' हा संगणकावरील खेळ सिद्ध झाला. वुबे सॉफ्टवेअर ह्या मंडळीने अनेक वर्षे खपून तो १४ ऑगस्ट २०२० रोजी पूर्णावस्थेत प्रसिद्ध केला. ह्या खेळातही रोबो आहेत, तेही बांधकाम करतात. मात्र ते कधीच उलटत नाहीत. असले खेळ पोरकट करमणूक म्हणून बाजूस सारण्याची वडीलधाऱ्यांची रीत आम्हांस ठाऊक आहे. परंतु दुसऱ्याकडून काम करवून घेणे म्हणजे काय, ह्याचा इतका बारकाईचा विचार अलीकडच्या फार थोड्या कलाकृतींत आम्हांस आढळला, म्हणून हे परीक्षण.

खेळणारा हा यान कोसळल्यामुळे परग्रहावर एकटा पडलेला अभियंता. अग्निबाण उडविणे हे त्याचे साध्य. खनिज तो प्रथम हातांनी खणतो, भट्ट्या मांडतो, सरकते पट्टे आणि यांत्रिक हात एकेक करून जागेवर बसवितो. रोबो त्याला लवकर लाभत नाहीत. खनिज तेल काढावे, त्यापासून वंगण करावे, वंगणाच्या साहाय्याने विजेची मोटर घडवावी, तिच्या जोडीला बॅटऱ्या, पोलाद व विद्युत्-मंडले जमवावीत, तेव्हा कोठे पहिला रोबो हवेत उडतो. हा विलंब आम्हांस उचित वाटतो. शेकडो पट्टे आपल्या हातांनी टाकून जीव मेटाकुटीस आल्यावाचून रोबोचे मोल कळत नाही.

मग मात्र सारे पालटते. खेळणाऱ्याने आराखडा जमिनीवर ठेवावयाचा. तेथे यंत्रांच्या फिकट छाया उमटतात, आणि 'रोबोपोर्ट' नावाच्या ठाण्यातून रोबो उडत येऊन छायेच्या जागी खरी वस्तू ठेवून जातात. एका ठाण्याची बांधकामाची हद्द ११० चौकटी लांब व तितकीच रुंद. हद्दीबाहेरची छाया कितीही काळ तशीच राहील, तिकडे कोणी फिरकणार नाही. आणि कोठारात वस्तूच नसेल तर हद्दीतली छायाही छायाच राहील.

येथून खेळाचा खरा विषय सुरू होतो, आणि तो कारभाराचा आहे. एका ठाण्यात ३५० रोबो मावतात, पण एका वेळी विजेने भरून घेऊ शकतात अवघे ४. काम मंदावलेले पाहून नवशिका खेळाडू आणखी रोबो सोडतो. ठाण्याभोवती घोंगावणारी रांग त्यामुळे लांबते आणि काम आणखीच रेंगाळते. पंगतीत वाढपी दुप्पट केले आणि भाताचे पातेले मात्र एकच ठेवले, तर दुसरे काय होणार? वाढवावी लागतात ती ठाणी. पण ठाणी वाढविण्यातही गोम आहे. दूरची खाण ठाण्यांच्या माळेने मुख्य कारखान्याशी जोडली की, तेथल्या एका विजेच्या खांबासाठी रोबो घरून निघतो आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरून घेत अर्धा नकाशा ओलांडतो. जाणता खेळाडू म्हणून ही माळ मुद्दाम तोडतो आणि दूरच्या वसाहतीला तिचे स्वतंत्र रोबो व स्वतंत्र कोठार देतो. शक्ती संपलेला रोबो खाली पडत नाही, पंचमांश वेगाने रखडत राहतो, ही योजनाही मार्मिक आहे. चुकीचा कारभार येथे कोसळत नाही, केवळ कुथत चालतो. आणि म्हणून तो कित्येक तास लक्षातही येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने रोबोंना थोडी अधिक समज दिली आहे, तरी ठाण्यांची मांडणी चुकलेल्या खेळाडूची तीमुळे सुटका होत नाही.

हाताखालचे सारे आज्ञाधारक असले म्हणजे दोष कोणाच्या माथी मारणार? तोडणीचा आराखडा रानावर एकदा ओढला की रोबो झाड न् झाड उचलून नेतात. लाकूड ठेवण्यास पेटी उरली नाही तर ते हाती धरून घिरट्या घालतात, पण 'हे रान राहू द्या' असे कोणी म्हणत नाही. खेळात झाडे कारखान्याचा धूर शोषून घेतात. रान गेले की धूर त्या ग्रहावरील मूळच्या प्राण्यांच्या वारुळांपर्यंत पोहोचतो आणि ते चवताळून भिंतीवर धडकतात. भिंत मोडली की, झुंज चालू असतानाच दुरुस्तीचे साहित्य घेऊन रोबो तेथे जातो आणि मरतो. त्याच्या मागून दुसरा जातो. ठाण्याच्या हिशेबात एक आकडा एकाने उतरतो, इतकेच. चापेकने जो प्रश्न रंगभूमीवर आणला, त्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन हा खेळ गप्प बसतो. हे त्याचे न्यून आहे असे आम्ही मानतो. प्राण्यांच्या चवताळण्याला जसे कारण दिले आहे, तसे रोबोच्या मरणालाही काही वजन देणे निर्मात्यांस अशक्य नव्हते.

मालवाहू रोबोंविषयी आमचे मत अधिक प्रतिकूल आहे. मागणीची पेटी येथे, पुरवठ्याची पेटी तेथे, आणि मधला माल आकाशमार्गे. पट्ट्यांचे वळण, फाटे, एकाखालून दुसरा नेण्याची खटपट, हेच ह्या खेळाचे सौंदर्य; ते ह्या रोबोंपुढे निरर्थक ठरते. हा वाद निर्मात्यांच्या घरातही झाला. २०१८ च्या जानेवारीत त्यांच्यापैकीच एकाने, मालवाहू रोबो खेळाची रंगत घालवितात, असे जाहीरपणे मांडले आणि खेळाडूंत मोठी खळबळ उडाली. रोबो राहिले. बांधकामाचे रोबो खेळणाऱ्याने योजिलेली रचना उभी करतात. मालवाहू रोबो रचनेची गरजच नाहीशी करतात. दोघांना एकाच ठाण्यात नांदवणे आम्हांस पटलेले नाही.

आता तर खेळणारा नकाशावर दुरूनच पाहून, जागचे न हलता, दुसऱ्या ग्रहावरही बांधकाम करवितो. त्याच्या हातांस काही लागतच नाही. आल्क्विस्टचे नाते येथे पुरते तुटते. ज्यांस हा खेळ आरंभावयाचा असेल त्यांनी रोबो मिळाल्यानंतरही निदान एकदा हल्ल्याच्या वेळी स्वतः भिंतीपाशी जाऊन ती दुरुस्त करून पाहावी. भिंतीमागे तोफा किती दाट मांडाव्या लागतात, ते तेथे लवकर समजते.