चौकट उमटली नाही, म्हणजे गाठ नाही?

ऑगस्ट २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या पोटविकारांच्या नियतकालिकात पोलंडमधला एक निबंध आला आणि बातम्या झाल्या, एआयमुळे डॉक्टर कौशल्य विसरले! निबंध चांगला आहे, पण तो इतकं म्हणत नाही.

मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून पॉलिप, म्हणजे छोट्या गाठी, शोधतात. त्यातल्या ॲडिनोमा जातीच्या गाठींचा पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून त्या काढून टाकतात. एआय पडद्यावर संशयित जागेभोवती चौकट काढतं. पोलंडच्या चार केंद्रांत हे यंत्र आलं. संशोधकांनी मोजल्या त्या यंत्र न वापरता झालेल्या तपासण्या, आधीच्या तीन महिन्यांतल्या आणि नंतरच्या तीन महिन्यांतल्या. शंभरातल्या किती जणांत निदान एक ॲडिनोमा सापडला? आधी २८.४, नंतर २२.४. डॉक्टर १९, आणि नवशिके कोणी नव्हेत बरं का, प्रत्येकाच्या नावावर दोन हजारांवर तपासण्या.

यंत्र असताना काय होतं हे सगळेच मोजतात. यांनी ते नसताना काय उरतं ते मोजलं. प्रश्न उत्तम. पण आधीचे रुग्ण वेगळे, नंतरचे वेगळे. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही.

माझा खरा आक्षेप 'कौशल्य' या शब्दावर आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात, पण अट घालून. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घागर दिसली नाही तर घागर नाही. अंधारात दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. आता आतडं नीट साफ झालेलं नाही, दुर्बीण घाईनं बाहेर घेतली (निदान सहा मिनिटं द्यावीत असा संकेत आहे), घडीमागची बाजू उलगडली नाही, तर चौकट न उमटणं हा अंधारातला पुरावा. यंत्र कॅमेऱ्यासमोर आलं तेवढंच पाहतं. घडी उलगडतो तो डॉक्टरचा हात. मग घटलं ते काय, पाहणं, उलगडणं, की धीर? टक्केवारीत हे तिन्ही एकच होऊन जातात.

आणि हे आकडे जसेच्या तसे सोलापुरात आणू नका. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण आपल्याकडे युरोपच्या मानानं बरंच कमी. तिकडे काही त्रास नसलेले लोकही तपासणीला येतात. आपल्याकडे शौचातून रक्त गेलं की मूळव्याध म्हणून महिनोन्महिने काढतात, ते वेगळंच दुखणं.

डॉक्टरमंडळींना एवढीच विनंती, यंत्र घेण्याआधीचे आपले सहा महिन्यांचे आकडे लिहून ठेवा. नंतर मोजायला बसलात तर तुलनेला हाताशी काही राहणार नाही.